वाड्याचा पत्ता

अक्षतानं मनूच्या निबंधाच्या दुसऱ्या पानापासून चौथ्या पानापर्यंत समासात हिरव्या पेन्सिलीनं एक उभी रेघ ओढली आणि रेघेशेजारी बारीक अक्षरात लिहिलं, ‘हे तुझे वडील म्हणाले का?’

बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेली मनू अक्षताचा निबंध वाचण्याचं सोंग करत होती. खरं लक्ष त्या पेन्सिलीकडे. रेघ खाली खाली उतरत गेली तशी तिची मान पुढं पुढं सरकत गेली. आख्ख्या निबंधातली तीच तर तिची लाडकी पानं होती. त्यांत काय नव्हतं! समाजाच्या बेड्या होत्या, अज्ञानाचा अंधार होता, एका पानावर तर चूल आणि मूल दोन वेळा आलं होतं. ती पानं लिहून झाल्यावर तिला स्वतःलाच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या होत्या.

पण हिरव्या पेन्सिलीपुढं कुणाचं चालत नसे. विट्याच्या कॉलेजात बारावीला मराठी शिकवणाऱ्या नीलिमा मॅडमची ती रीत होती. त्यांनी विषय दिला होता: ज्याला तुमचं म्हणणं पटत नाही अशा एका खऱ्या माणसाला पटवून द्या. निबंध आधी जोडीदाराच्या हातात जायचा. जोडीदारानं त्या न पटणाऱ्या माणसाच्या जागी बसून तो वाचायचा आणि समासात प्रश्न विचारायचे, फक्त प्रश्न. शहाणपण शिकवायचं नाही, उत्तरं द्यायची नाहीत. मग लिहिणाऱ्यानं निबंध पुन्हा लिहायचा. मॅडमची लाल शाई त्यानंतर. वर्गातली पोरं या प्रकाराला उलटतपासणी म्हणत, आणि या उलटतपासणीनं त्या वर्षी निम्म्या वर्गाची निम्म्या वर्गाशी कट्टी झाली होती.

मनूचं पूर्ण नाव मनुबाई तात्याबा सरगर. पणजीचं नाव तिला जसंच्या तसं मिळालं होतं. हजेरीत ते पुकारलं की मागच्या बाकांवर खसखस पिकायची. तिला पटवायचं होतं आपल्या वडिलांना. बारावीनंतर मिरजेला होस्टेलवर राहून नर्सिंग करायचं, हे तिनं दोन वर्षांपूर्वीच मनाशी ठरवून टाकलं होतं. दसऱ्याला, वाडा निघायच्या आदल्या दिवशी, तिनं विषय काढला. तात्याबा घोड्याच्या पाठीवरचं सामान आवळून बांधत होता. तो ‘न्हाई’ म्हणाला आणि पुढची गाठ मारली. त्यापलीकडं एक अक्षर नाही.

हा वाडा चिरेबंदी नव्हे. धनगराचा वाडा चालता असतो. पुढं मेंढरं, मध्ये घोडी, घोड्यांवर लादलेला संसार, त्या संसारावर बांधलेल्या कोंबड्या आणि मागं कुत्री. दसरा झाला की तात्याबाचा वाडा आटपाडीकडच्या कोरड्या मुलखातून उठायचा आणि कराडकडच्या पाण्याच्या मुलखात उतरायचा. तिथले शेतकरी मोकळ्या रानात मेंढरं बसवून घ्यायचे. रानाला खत मिळायचं, वाड्याला दाणे. पार ज्येष्ठ उजाडला की परत. मनू शाळेसाठी गावात आजीजवळ राहिली, आणि आजी गेल्यावर विट्यात आत्याजवळ.

मनूनं वही ओढून घेतली.

“तीन पानांवर एकच प्रश्न?”

“एकच पुरं हाय की.”

“त्यात म्हणायचं काय राहिलंय, अक्षे? सगळ्या बापांच्या मनात तेच असतंय. पोरगी शिकली की लगीन लांबतंय, हाताबाहेर जाती.”

“माझ्या बाबांच्या मनात न्हाई.”

“तुझे बाबा कंडक्टर हाईत. येष्टीत बसून जग बघत्यात.”

“आणि तुझे आबा जग चालून बघत्यात,” अक्षता म्हणाली. मग नियम मोडून तिनं एक वाक्य जास्त बोलून टाकलं. “हे वाचून मला काय वाटलं सांगू? दुसऱ्या कुणाच्या तरी बापाला लिव्हलंय, असं वाटलं.”

मनूला ते झोंबलं. तिनं लगेच उट्टं काढलं. अक्षताला आपल्या आईला, आक्काताईला, पटवायचं होतं: तिनं सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलंसुरलं खात बसू नये, सगळ्यांबरोबर ताटावर बसावं. निबंध झकास उतरला होता, पहिल्या वाचनात मनूला तो मनापासून आवडला होता. आता ती आवड बाजूला ठेवून तिनं शेवटच्या ओळीखाली ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘मग वाढणार कोण?’

अक्षतानं ते वाचलं, वही मिटली आणि नाक वर करून निघून गेली. दोघी तासभर एकमेकींशी बोलल्या नाहीत. त्यांच्या मानानं हा फार मोठा अबोला होता.

संध्याकाळी आत्याच्या माडीवर बसून मनूनं ती तीन पानं वाचून पाहिली. मोठ्यानं, आबासमोर बसल्यासारखी. ‘हे पित्या, तुझ्या डोळ्यांवरची रूढीची पट्टी दूर कर,’ इथवर आली आणि थांबली. तात्याबाच्या डोळ्यांवर कसली पट्टी? दूरच्या टेकडीवरच्या मेंढीला खरूज झालीय का, हे त्याला इथून दिसायचं. तिनं दुसरं वाक्य घेतलं, तिसरं घेतलं. एकही वाक्य आबाच्या अंगाला बसेना. आपण कुणाशी भांडलो हे तिला कळेना. गेली दोन वर्षं ती मनातल्या मनात एका मिशाळ, लाल डोळ्यांच्या, दारात काठी घेऊन उभ्या असलेल्या बापाशी भांडत होती, आणि तसला बाप तिला नव्हताच मुळी. मग आबा ‘न्हाई’ का म्हणाला? विचारायचं तर राहूनच गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या फाटकातच अक्षता उभी होती.

“तुझा प्रश्न बरोबर हाय,” ती गुरगुरत म्हणाली. “वाढणार कोण ते मी लिव्हलंच न्हाई.”

“तुझा पण बरोबर हाय,” मनू म्हणाली. “रविवारी जाते मी, वाडा हुडकायला.”

“मी पण येणार. उलटतपासणी माझी हाय.”

बाजाराला आलेल्या गावच्या माणसाकडून आत्याला कळलं होतं की वाडा मसूरच्या अंगाला लालासाहेब नावाच्या शेतकऱ्याच्या रानात उतरलाय. रविवारी पहाटेच्या गाडीनं दोघी कराडला आणि तिथून मसूरला पोचल्या. अक्षताच्या पिशवीत आक्काताईनं दिलेल्या भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी होती. पौष सरत आला होता, ऊस तोडणीला आला होता, आणि दोघी सहलीला निघाल्यासारख्या खुशीत होत्या.

लालासाहेबाचं रान सापडलं. रानात लेंड्या होत्या, चुलीचे तीन काळे दगड होते, कोंबडीची दोन पिसं होती. वाडा नव्हता.

“वाडा व्हय? काल सकाळीच उठला की,” लालासाहेब म्हणाला. “लय गुणी माणूस. मेंढरं पण गुणी. बघा की, रान कसं खतावलंय!”

“पुढं कुठं गेला?”

“पुढं? पुढं असा गेला.” त्यानं हात केला. त्या हातात निम्मा तालुका आला.

दोघी ‘अशा’ निघाल्या. फाट्यावर चहाची टपरी होती. टपरीवाला म्हणाला, काल एक फेटेवाला चहाची पूड घेऊन गेला, उंब्रजच्या रस्त्यानं. त्या रस्त्यानं चालत गेल्यावर पाटावर धुणं धुणारी एक बाई भेटली. ती म्हणाली, रस्ता सोडून घोडी खाली ओढ्याकडं वळली, घोड्यावरची कोंबडी सारखी ओरडत होती. ओढ्यापाशी कुणीच नव्हतं. अक्षताच्या चपलेचा अंगठा तुटला. तिनं त्यात सुतळी ओवली आणि विचारलं, “तुमच्यात पाहुणे येतात तरी कसे गं?”

“येत न्हाईत,” मनू म्हणाली. तिला हसू आलं. मग ते हसू आपोआप मावळलं.

वाडा त्यांना सापडला नाही. वाड्याच्या कुत्र्यालाच त्या सापडल्या. टेकाडाच्या आडून काळू सुसाट आला आणि मनूच्या अंगावर दोन्ही पाय टाकून उभा राहिला. मागोमाग हरणाबाई धावत आली. तिनं लेकीच्या तोंडावरून हात फिरवले, कानशिलावर बोटं मोडली, मग अक्षताच्याही मोडली आणि मगच विचारलं, “काय झालं गं? बरं हाय न्हवं समदं?”

“बरं हाय, आये. नुसतं इचारायला आले.”

तात्याबा बाभळीखाली बसून मेंढरांभोवती लावायच्या जाळीची तुटलेली दोरी सांधत होता. लेकीला बघून त्याचं तोंड उजळलं. ते लपवायला त्यानं मान खाली घातली आणि गाठ मारायला घेतली. हरणाबाईनं अक्षताच्या मांडीवर चार दिवसांचं कोकरू आणून ठेवलं. कोकरानं अक्षताच्या ओढणीचं टोक तोंडात धरलं. अक्षतानं ते तसंच चघळू दिलं.

चहा झाला. येताना मनूला अक्षतानं दहादा बजावलं होतं: भांडायचं नाही, पटवायचं नाही, फक्त विचारायचं.

“आबा, मिरजंला का नगं?”

“का म्हंजी?”

“का म्हंजी का. सांगा की. माजं लगीन करायचंय म्हणून?”

तात्याबाचे हात थांबले. “लगीन? कुणाचं?”

“माजं!”

“तुज्या लग्नाचं कोण बोललं? हरणे, तू काय बोललीस व्हय पोरीला?”

“म्या कशाला बोलू? मला न्हाई लेक जड झाली.”

अक्षतानं आभाळाकडं बघितलं. मनूच्या डोळ्यांसमोरून दुसरं, तिसरं आणि निम्मं चौथं पान वाऱ्यावर उडून गेलं.

“मग परक्या माणसाची उसाभर करायची, अंगाला हात लावायचा, म्हणून नगं म्हणताय?”

“येडी का काय तू? मी मेंढीच्या पोटात कोपरापत्तुर हात घालून कोकरू काढतुया. मला काय हाताचं सांगतीस!”

हरणाबाई पदर तोंडाला लावून हसली. उरलेलं चौथं पानही गेलं.

“मग का न्हाई, आबा?”

तात्याबानं दोरीचं टोक दातात धरून ओढलं, गाठ पक्की झाली का ते अंगठ्यानं दाबून पाहिलं.

“आज किती ठिकाणी हिंडलीस?”

“मसूर. मग फाटा, मग पाट, मग वढा.”

“ह्ये झालं विट्यासनं. तितं तुजी आत्या हाय. बाजारात आपल्या गावची माणसं येत्यात, तुला कळतंय वाडा कुणीकडं हाय. आता उन्हाळ्यात तुजी आत्या जाणार नवऱ्याकडं सेलमला.” आत्याचे यजमान तिकडं लांब दक्षिणेत सोनंचांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यात होते, त्या भागातली पुष्कळ घरं अशीच देशभर पांगलेली. “म्हातारी गेली तवापासनं गावच्या घराला कुलूप. मिरजंला कोण हाय वळकीचं? तुला सुट्टी लागंल. समद्या पोरी बॅगा घिऊन घरला जातील. तू कुठं जाशील? आमी कुठं असू त्ये आमालाच ठावं नसतंय. येष्टी ष्टँडवर बॅग घिऊन हुबी ऱ्हाशील, आन कुणाला इचारशील, माजं आयबाप कुठं हाईत म्हणून?”

एवढं लांब तो आयुष्यात कधी बोलला नसेल. बोलून झाल्यावर त्याला स्वतःलाच अवघडल्यासारखं झालं आणि तो उठून उगीचच एका मेंढीचा कान तपासू लागला.

दसऱ्यापासून ज्या ‘न्हाई’शी मनू दात-ओठ खाऊन भांडली, त्या ‘न्हाई’च्या पोटात हे होतं. रागवावं की रडावं ते कळेना, आणि खोटं कशाला सांगावं, तिला सगळ्यात जास्त आनंदच झाला होता. बापाला तिचं शिकणं नको नव्हतं. त्याला ती हरवायला नको होती.

परतीच्या गाडीत बराच वेळ दोघी खिडकीबाहेर बघत होत्या. कराड सोडल्यावर अक्षता हळूच म्हणाली, “हे पित्या.”

“गप बस.”

“रूढीची पट्टी दूर कर.”

मनूला हसू फुटलं. हसता हसता रडू आलं, रडता रडता पुन्हा हसू आलं. शेजारच्या म्हातारीनं काळजीनं विचारलं, “पोटात दुखतंय का गं बाई?” त्यावर दोघी अशा सुटल्या की कंडक्टरनं वळून बघितलं.

मनूनं ती पानं फाडून टाकली आणि निबंध नव्यानं मांडायला घेतला. आता तिला एकाच गोष्टीचं उत्तर द्यायचं होतं: सुट्टीला मी घरी येईन तेव्हा घर कुठं असेल? तिनं लिहिलं, वाडा जिथं उतरेल तिथून कुणाकडून तरी कार्ड लिहून घ्यायचं आणि होस्टेलच्या पत्त्यावर टाकायचं. तीन ओळींत प्रश्न मिटला, असं तिला वाटलं.

अक्षतानं घरातला टॉवेल डोक्याला गुंडाळला, काठी म्हणून लाटणं घेतलं आणि तात्याबा होऊन मांडी घातली.

“कार्ड मिरजंला पोचंस्तवर वाडा उठला तर?”

मनूनं एक ओळ खोडली.

“आन हितं कार्ड लिव्हणारा कोण भेटलाच न्हाई तर?”

मनूनं उरलेल्या दोन खोडल्या. स्वयंपाकघरातून आक्काताईनं डोकावून लेकीचं ध्यान पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

मनूनं दुसरी वाट काढली, तिसरी काढली. टॉवेलातला तात्याबा खऱ्या तात्याबापेक्षा खट निघाला. एकेका उपायाला लाटण्यानं आडवा पाडत गेला. शेवटी मनू वैतागली. “मग तूच सांग ना!”

“मी सांगायचं न्हाई. नियम हाय.” अक्षतानं हिरवी पेन्सिल उचलली आणि समासात लिहिलं, ‘त्या रविवारी तुला वाडा कुणी दाखवला?’

मनू त्या ओळीकडं बघत राहिली. लालासाहेब, टपरीवाला, धुणं धुणारी बाई. पत्ता पुरता कुणालाच ठाऊक नव्हता, पण प्रत्येकाकडं त्याचा एकेक तुकडा होता. आणि ते तुकडे गोळा करत ती पोचली होतीच की! एवढा मोठा पुरावा स्वतःच्या पायांनी चालून आली होती आणि निबंधात त्याचं नावही नव्हतं. तिनं वही पुढं ओढली. वाडा उठताना त्या रानाच्या मालकाला पुढच्या गावाचं नाव सांगून जायचं, तेच नाव फाट्यावरच्या टपरीवर ठेवायचं. आणि कराडच्या बाजूला गाडीवर जाणाऱ्या अक्षताच्या बाबांच्या ओळखीच्या कंडक्टरांकरवी ते विट्याला अक्षताच्या घरी पोचवायचं. मी आधी विट्याला येईन, आक्काताईंच्या हातची भाकरी खाईन आणि मग निघेन. आबा, मी तुम्हाला एकदा हुडकलंय, पुन्हा हुडकीन. माझ्या पायांत तुमचेच पाय आहेत.

या खेपेला हिरव्या पेन्सिलीनं काहीच लिहिलं नाही. अक्षतानं टॉवेल काढून त्यानंच डोळे पुसले.

नीलिमा मॅडमनी दोघींचे निबंध वाचले. लाल शाईनं दोन-तीन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं, गुणांची जागा कोरी ठेवली आणि म्हणाल्या, “मला पटलं. पण हे मला लिहिलेलंच नाही ना. ज्याला लिहिलंय त्याला वाचून दाखवा, मग या.”

परीक्षा आली आणि गेली. आत्यानं सेलमला जायची बांधाबांध सुरू केली. मनूला वाड्यावर न्यायला तात्याबा आणि हरणाबाई विट्याला आले, तेव्हा आत्याच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. आक्काताईनं निरोप धाडला: जेवायला आमच्याकडं या, सगळीजणं.

अक्षताचे वडील राजाराम विटा-मिरज गाडीवर कंडक्टर. त्यांची त्या दिवशी सुट्टी होती. बाहेरच्या खोलीत घोंगडं अंथरलं होतं. तात्याबा फेटा मांडीवर घेऊन बसला. मनू समोर उभी राहिली. तिनं वही उघडली. अक्षतानं मागून तिला कोपरानं ढोसलं.

तिनं वाचलं. सुरुवातीला आवाज चिरका लागला, मग मार्गी लागला. लालासाहेबाचा हात निम्म्या तालुक्यावरून फिरला तिथं राजाराम खो खो हसले. स्टँडवर बॅग घेऊन उभी राहिलेली पोरगी आली तिथं हरणाबाईनं पदर डोळ्यांना लावला. पायांची ओळ आली तेव्हा तात्याबा फेट्याचा पदर बोटाला गुंडाळत होता, सोडत होता, पुन्हा गुंडाळत होता.

निबंध संपला.

“बरं लिव्हलंयस,” तात्याबा म्हणाला.

बस्स. ना हो, ना नाही. मनूनं वही मिटली. बाप असाच आहे, हे तिला ठाऊक होतं. तरी डोळे भरून यायचे ते आलेच. तिनं ते आत नेले.

आत अक्षतानं ताटं मांडली होती, सगळी एकदम. शेवटचं ताट आक्काताईचं. “आई, तू बाहेर जाऊन बस. आज आमी वाढणार.”

“अगं पर, पाहुणे...”

“पाहुण्यांबरोबरच बसायचं. निबंधात लिव्हलंय तसं. वाढणार कोण, त्याचं उत्तर हाय आता माझ्याकडं.”

आक्काताई पाहुण्यांसारखी अंग चोरून हरणाबाईशेजारी बसली. घरच्या जेवणात असं बसून तिला इतकी वर्षं झाली होती की आता हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं. मनूनं आमटीचं पातेलं घेतलं, अक्षतानं भाकऱ्यांची टोपली. जेवण सुरू झालं. तात्याबानं भाकरी कुस्करली, आमटी ओतून घेतली, दोन घास खाल्ले आणि राजारामांना विचारलं,

“आवं, तुमची गाडी मिरजंपत्तुर जाती न्हवं? तिकडं रानं कशी हाईत?”

“तासगावच्या अंगाला द्राक्षं. तितं मेंढरू फिरकू देणार न्हाईत,” राजाराम म्हणाले. “पर मिरजंच्या पलीकडं, बेडग, म्हैसाळ, नदीला धरून काळं रान हाय. लय कसदार.”

“मिरजंपास्नं लांब हाय का?”

“छे हो. येष्टीत बसलं न बसलं तवर आलं.”

तात्याबानं आणखी एक घास घेतला. सावकाश चावला.

“मेंढरं बसवून घेत्यात का तिकडली माणसं?”

“घेत्यात की, का न्हाई घेणार! पर तुमी तर दरसाली कराडकडं जाता, तात्याबा. तुमच्या वाडवडलापास्नं तीच वाट हाय म्हणं?”

“व्हय,” तात्याबा म्हणाला. “म्हणूनच म्हटलं, यंदा दसऱ्याच्या आदी जाऊन एकदा रानं बघून यावी. वळकी कराया लागतील.”

मनू पातेलं घेऊन होती तिथंच उभी राहिली. तिनं कार्डं लिहिली होती, टपऱ्या लिहिल्या होत्या, कंडक्टर लिहिले होते. मेंढरांची तोंडं दुसरीकडं वळवता येतात, हे लेकीला सुचलं नव्हतं आणि टॉवेलातल्या तात्याबालाही सुचलं नव्हतं.

“हे आपल्या निबंधात न्हवतं,” अक्षता तिच्या कानाशी पुटपुटली.

मनूनं मान हलवली.

पंगतीतून आक्काताईनं रिकामं ताट पुढं केलं. एवढ्या वेळात ती चांगली सैल होऊन बसली होती.

“काय गं पोरींनो? बसवलंत तर खरं. मग, वाढणार कोण?”

सगळे हसले. मनू भानावर आली. तिनं आक्काताईला वाढलं, हरणाबाईला वाढलं आणि तात्याबासमोर वाकली. वाढता वाढता आमटी ताटाच्या काठावरून ओघळली, घोंगड्यापर्यंत आली, तरी तात्याबानं बास म्हटलं नाही.